सिसिलीची सेंद्रिय रेड वाइन: चेरासुओलो दि व्हित्तोरिया कशी निवडावी, कशी जपावी आणि कशी वाढावी

दुकानातल्या फळीवर मांडलेल्या बाटल्यांपैकी एखादीच्या मागे हिरव्या चौकटीत बारा पांढऱ्या चांदण्यांनी रेखलेले एक पान दिसते. ते युरोपीय संघाचे सेंद्रिय शेतीचे चिन्ह आहे. ते पाहून बाटली उचलणाऱ्यांपैकी पुष्कळांची समजूत अशी असते की या वाइनमध्ये कोणतेही रसायन नाही आणि म्हणून ती प्रकृतीला निर्धोक आहे. प्रत्यक्षात ते पान बागेविषयी बरेच काही आणि वाइन जिथे बनते त्या तळघराविषयी थोडेफार सांगते, परंतु चवीविषयी काहीच सांगत नाही. म्हणून सेंद्रिय वाइन विकत घेणाऱ्याने पानापाशी न थांबता बाटलीवरचा उरलेला मजकूर वाचला पाहिजे, आणि घरी आणल्यावर ती वाइन तिच्या स्वभावाप्रमाणे वाढली पाहिजे. या दोन्ही गोष्टी नीट शिकण्यासाठी मी एकच वाइन समोर ठेवतो: भूमध्य समुद्रातील सिसिली बेटाच्या आग्नेय कोपऱ्यातली चेरासुओलो दि व्हित्तोरिया. इटलीतील सर्व प्रांतांमध्ये सेंद्रिय द्राक्षबागांचे सर्वाधिक क्षेत्र सिसिलीत आहे, आणि या बेटावर डीओसीजी हा इटलीचा सर्वांत वरचा दर्जा मिळालेली ही एकमेव वाइन आहे. तो दर्जा तिला २००५ मध्ये मिळाला.

नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावे

'चेरासा' म्हणजे तिकडच्या बोलीत चेरी, आणि वाइनच्या चेरीसारख्या लाल रंगावरून हे नाव पडले. मात्र 'चेरासुओलो' एवढाच शब्द पाहून बाटली घेतल्यास फसगत होण्याचा संभव असतो, कारण इटलीच्या मुख्य भूमीवर 'चेरासुओलो द'आब्रुत्सो' नावाची एक वाइन बनते. ती मोंतेपुल्चानो या द्राक्षाची रोझे, म्हणजे गुलाबी वाइन असून तिचा सिसिलीशी काहीही संबंध नाही. आपल्याला हवी असलेली वाइन 'दि व्हित्तोरिया' याच शब्दांनी ओळखावी. व्हित्तोरिया हे सिसिलीच्या रागुसा जिल्ह्यातले गाव १६०७ मध्ये व्हित्तोरिया कोलोन्ना या काउंटेसने वसवले. पहिल्या पंचाहत्तर वसाहतकऱ्यांना तिने जमीन दिली ती द्राक्षवेली लावण्याच्या अटीवर, असे तिथे सांगतात. द्राक्ष या गावात मागाहून आले नाही. गावच द्राक्षासाठी वसले.

या वाइनमध्ये दोन द्राक्षे असतात आणि त्यांचे प्रमाण नियमाने बांधलेले आहे: नेरो दाव्होला ५० ते ७० टक्के आणि फ्रापातो ३० ते ५० टक्के. हे प्रमाण लक्षात ठेवण्याचा मोठा व्यावहारिक उपयोग आहे. नेरो दाव्होला हे दाट रंगाचे आणि भरीव अंगाचे द्राक्ष आहे. त्याची चव आपल्या जिभेला पिकल्या जांभळाची आणि करवंदाची आठवण करून देते. एके काळी उत्तर इटलीतल्या आणि फ्रान्समधल्या पातळ वाइनना रंग आणि जोर देण्यासाठी ते टँकर भरभरून पाठवले जाई. फ्रापातो त्याच्या अगदी उलट आहे. त्याचा रंग फिका, अंग हलके आणि वास स्ट्रॉबेरीचा व फुलांचा असतो, आणि त्याचा आंबटपणा वाइनला ताजेपणा देतो. उत्पादकाने बाटलीवर किंवा आपल्या माहितीपत्रकात प्रमाण दिलेले असेल तर ते अवश्य पाहावे. फ्रापातो निम्म्याच्या जवळपास असेल तर ती वाइन थंडसर आणि लवकर पिण्याची, आणि नेरो दाव्होला सत्तर टक्के असेल तर ती जेवणासोबत सावकाश पिण्याची, असा ढोबळ अंदाज बांधता येतो.

नावापुढे 'क्लासिको' हा शब्द असल्यास ती वाइन जुन्या, मूळ क्षेत्रातली आणि अधिक मुरलेली असते. साधी चेरासुओलो सुगीनंतरच्या वर्षी १ जूनपासून बाजारात येऊ शकते, तर क्लासिकोला सुगीनंतरच्या दुसऱ्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत थांबावे लागते. बाटलीच्या गळ्यावर क्रमांक असलेली एक सरकारी पट्टी चिकटवलेली असते, आणि डीओसीजी वाइनवर ती असलीच पाहिजे. त्याच गावातल्या पुष्कळ चांगल्या सेंद्रिय वाइन 'सिसिलिया डीओसी' किंवा 'तेर्रे सिचिल्याने आयजीटी' या खालच्या दर्जाच्या नावांनीही विकल्या जातात. नियमात न बसणारे प्रयोग करण्यासाठी काही उत्पादक जाणूनबुजून खालचा दर्जा पत्करतात, त्यामुळे केवळ दर्जावरून अशी बाटली नाकारू नये.

पानाच्या खाली काय लिहिले आहे

पानाच्या खाली किंवा शेजारी बारीक टाइपात एक सांकेतिक क्रमांक असतो. इटलीच्या वाइनवर तो आयटी-बीआयओ या अक्षरांनी सुरू होतो आणि त्यापुढे तीन आकडे येतात. ज्या संस्थेने त्या उत्पादकाची तपासणी केली तिचा तो क्रमांक असतो. त्याखाली बहुधा 'आग्रिकोलतुरा इतालिया' असे लिहिलेले असते, म्हणजे द्राक्ष इटलीतच पिकले आहे. पान आहे पण क्रमांक नाही, किंवा पान नाही आणि केवळ 'निसर्गपूरक' अशा अर्थाचे गोड शब्द आहेत, अशी बाटली सेंद्रिय म्हणून जास्त पैसे देऊन घेऊ नये. 'नॅचरल' या शब्दालाही युरोपीय संघाच्या कायद्यात सेंद्रियसारखी बांधलेली व्याख्या नाही. त्या नावाखाली सुंदर वाइनही मिळते आणि बिघडलेलीही, म्हणून तिथे भरवसा उत्पादकावर ठेवावा, शब्दावर नव्हे.

आपल्याकडे आयात केलेल्या बाटलीवर आयातदाराची चिकटपट्टी नेमकी मागच्या लेबलावर बसलेली असते आणि पान, क्रमांक, उत्पादकाचे नाव या सगळ्यांना झाकून टाकते. अशा वेळी बाटली उजेडात धरून पट्टीच्या कडेने वाचावे, किंवा उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाच्या वाइनची माहिती पाहावी. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. तिथल्या नियमानुसार बाहेरून सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवणारे गंधकाचे संयुग, घातलेल्या वाइनला 'सेंद्रिय वाइन' म्हणता येत नाही. तिच्यावर 'सेंद्रिय द्राक्षांपासून बनवलेली' असे लिहावे लागते. त्यामुळे युरोपात सेंद्रिय म्हणून विकली जाणारी तीच बाटली न्यू जर्सीतल्या दुकानात वेगळ्या शब्दांत भेटते, आणि म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही.

युरोपातही 'सेंद्रिय वाइन' हा शब्द वापरण्याची मुभा १ ऑगस्ट २०१२ पासूनच मिळाली. त्यापूर्वी नियम फक्त द्राक्षाला होते, तळघरात काय चालते त्याला नव्हते.

बागेत काय होते

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, हा समज द्राक्ष पिकवणाऱ्या नाशिककराला सांगितला तर तो लगेच दुरुस्त करील. आपल्याकडे वेलीवर भुरी हा बुरशीचा रोग येतो तसा सिसिलीतही येतो, आणि त्याच्यावर तिकडेही गंधकाची भुकटी धुरळतात. डाऊनी या तशाच दुसऱ्या रोगावर मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. युरोपीय नियमाने तांब्याला मर्यादा घातली आहे: सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त नाही, म्हणजे एकरी दरवर्षी सरासरी १.६ किलो. हा हिशेब शुद्ध तांब्याचा आहे आणि मोरचुदात तांबे सुमारे एक चतुर्थांश असते, हे ज्यांनी मिश्रण स्वतः कालवले आहे त्यांच्या चटकन ध्यानात येईल. तांबे मातीत साठत जाते आणि नाहीसे होत नाही, म्हणून ही मर्यादा महत्त्वाची आहे. सेंद्रिय शेतीचा हा दुबळा भाग आहे आणि तो लपवून ठेवण्यात कोणाचेच हित नाही.

व्हित्तोरियाच्या बागायतदाराला हवामानाचा मोठा आधार मिळतो. हिब्लेई डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये तांबड्या वाळूची जमीन आहे व तिच्याखाली चुनखडीचा थर आहे. उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो, पाऊस हिवाळ्यात पडतो आणि समुद्रावरचा वारा पाने वाळवत राहतो. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की डाऊनीच्या भीतीने झोप उडते. तिकडे वेलीला फळ असताना पावसाचे दिवस थोडेच असतात, म्हणून थोड्या फवारण्यांत भागते. तणनाशकाला पूर्ण बंदी असल्याने तण कोळपून काढावे लागते. हिवाळ्यात दोन ओळींच्या मध्ये बाकल्यासारखी शेंगवर्गीय पिके पेरून वसंतात ती जमिनीत गाडतात. आपण ताग किंवा धैंचा गाडतो तसेच हे हिरवळीचे खत. द्राक्षावरच्या पतंगाचा बंदोबस्त विषाऐवजी कामगंध, म्हणजे मादी पतंगाच्या वासाची नक्कल करणारा पदार्थ, वापरून केला जातो. रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे वळलेल्या बागेला तीन वर्षे पूर्ण होईपर्यंत हे पान लावता येत नाही. त्या तीन वर्षांत उत्पन्न घटते आणि भाव मात्र जुनाच मिळतो. सेंद्रिय बाटलीची वाढीव किंमत मला खटकत नाही ती याच कारणाने.

सल्फाइटचा प्रश्न

मागच्या लेबलावर 'कोंतिएने सोल्फिती' असे शब्द दिसले की सेंद्रिय म्हणून बाटली घेतलेला माणूस गोंधळतो. त्यांचा अर्थ 'सल्फाइट आहेत' असा होतो. लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फाइट असल्यास हे शब्द लिहिणे बंधनकारक आहे, आणि आंबवणाऱ्या यीस्टमधूनही थोडे सल्फाइट आपोआप तयार होत असल्यामुळे हे शब्द नसलेली बाटली क्वचितच आढळते. फरक प्रमाणात आहे. साध्या कोरड्या, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेल्या, रेड वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, तर सेंद्रिय कोरड्या रेड वाइनला १०० पर्यंत. पुष्कळ चांगले उत्पादक त्याच्याही बरेच खाली राहतात. सल्फाइट वाइनला हवेपासून आणि नको त्या जिवाणूंपासून वाचवते; बेदाण्याला गंधकाची धुरी देतात तेव्हाही त्याचा रंग हवेने काळवंडू नये हाच हेतू असतो. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, आणि त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून सेंद्रिय वाइनही घेऊ नये. इतरांच्या डोकेदुखीचे खापर मात्र सल्फाइटवर फोडण्याआधी अल्कोहोलकडे पाहावे. चेरासुओलो दि व्हित्तोरियात ते किमान १३ टक्के असते, आणि द्राक्ष सेंद्रिय असल्याने त्याचा शरीरावरचा परिणाम तिळमात्र कमी होत नाही.

शाकाहारी वाचकांसाठी

सेंद्रिय वाइन शाकाहारी असतेच असे नाही. गढूळ वाइन निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, दुधातले केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरण्याची रीत जुनी आहे, आणि सेंद्रिय नियम त्याला मज्जाव करत नाहीत. हे पदार्थ गाळाबरोबर तळाशी बसतात आणि काढून टाकले जातात. तरीही ज्यांना ते चालत नाहीत त्यांनी पान पाहून निर्धास्त होऊ नये. बाटलीवर 'व्हेगन' असे स्वतंत्र चिन्ह शोधावे, किंवा बेंटोनाइट मातीने निवळलेली अथवा न निवळलेली, न गाळलेली वाइन मागावी. अशा वाइनच्या तळाशी थोडा गाळ येतो आणि त्यात वावगे काही नाही.

दुकानात बाटली पारखताना

काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून चेरासुओलोची बाटली घेतली. ती फळीवर उभी होती, दुपारचे ऊन खिडकीतून थेट तिच्यावर पडत होते, आणि गळ्यावरचे आवरण बुचाने किंचित वर उचललेले होते. हे सगळे माझ्या नजरेला दिसत होते, तरीही वर्ष चांगले आहे म्हणून मी ती उचलली. घरी उघडल्यावर चेरीच्या जागी शिजवून आटवलेल्या मुरंब्याचा वास आला आणि चवीत ताजेपणा अजिबात उरलेला नव्हता. वाइन उन्हाने शिजली होती. तेव्हापासून मी बाटली हातात घेतली की आधी गळ्यावरून अंगठा फिरवून बूच वर आले आहे का ते पाहतो, मग बाटली उजेडाकडे तिरपी धरून वाइनची पातळी बुचाच्या जवळ आहे ना याची खात्री करतो, आणि उन्हात किंवा दिव्याखाली ठेवलेली बाटली सोडून मागच्या रांगेतली सावलीतली मागतो. कमी सल्फाइटच्या वाइनला उष्णता अधिक लवकर बाधते, म्हणून सेंद्रिय बाटलीच्या बाबतीत ही पाहणी दुपटीने महत्त्वाची आहे.

घरी आणल्यावर बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते आणि आक्रसत नाही. जागा अंधारी आणि शक्य तितकी थंड असावी. स्वयंपाकघरातला माळा त्यासाठी सर्वांत वाईट. आतल्या खोलीतल्या कपाटाचा जमिनीलगतचा खण त्यामानाने बरा. पुणे-नागपूरचा एप्रिल-मे अशा कपाटात काढण्याचे धाडस मात्र करू नये. वाइनसाठी वेगळा फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात बाटली फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावी किंवा उन्हाळ्याआधीच पिऊन टाकावी. साधी चेरासुओलो सुगीपासून तीन-चार वर्षांत उत्तम लागते. क्लासिको नीट ठेवल्यास त्याहून बरीच जास्त टिकते.

थंडावा किती हवा

'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा नियम थंड प्रदेशातल्या दगडी घरांचा आहे. पुण्यातल्या मे महिन्यातल्या खोलीत तो लावला तर अल्कोहोल नाकात झोंबते आणि फळाचा वास दबून जातो. चेरासुओलो दि व्हित्तोरिया १५ ते १६ अंशांना वाढावी, फ्रापातो जास्त असेल तर १४ अंशांनाही चालते. त्यासाठी खोलीत ३२ अंश असताना बाटली सुमारे सव्वा ते दीड तास फ्रिजमध्ये ठेवावी. हिवाळ्यात पाऊण तासही पुरेसा होतो. घाई असल्यास बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवावी, म्हणजे पाव तासात काम होते. नुसत्या बर्फाने ते होत नाही, कारण बर्फाचे खडे काचेला जागोजागीच टेकतात आणि पाणी सगळीकडून बिलगते. हाताला बाटली विहिरीतून नुकत्याच शेंदलेल्या पाण्याइतकी गार लागली की ती काढावी. किंचित जास्त गार झाली तरी चिंता नाही, कारण आपल्या हवेत पेल्यात ओतल्यावर ती पाच-दहा मिनिटांत स्वतःच जागेवर येते.

उघडणे आणि पहिला घोट

गळ्यावरचे आवरण ओठाच्या खालच्या कडेवर कापावे, स्क्रू बुचाच्या मधोमध सरळ घालावा आणि बूच सावकाश ओढावे. पेला एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. वास गोळा व्हायला वरची जागा मोकळी हवी असते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच पेले होतात आणि पाहुण्यांचा हिशेब त्यावरून करावा.

पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरला की वाइनच्या कडेला माणकासारखा पारदर्शक लाल रंग दिसतो आणि मधोमध तो थोडा गडद होतो. ही वाइन काळपट आणि अपारदर्शक नसावी. पेला न हलवता एकदा हुंगावा आणि मग गोल फिरवून पुन्हा हुंगावा. कमी सल्फाइटच्या वाइनला उघडल्याबरोबर कधीकधी विझवलेल्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा पुसट वास येतो. तो दोष समजून बाटली ओतून देऊ नये. वाइन दुसऱ्या रुंद भांड्यात ओतून वीस मिनिटे ठेवली की तो बहुधा उडून जातो आणि मागून चेरी, डाळिंबाचे दाणे आणि वाळलेल्या रानटी पाल्याचा वास पुढे येतो. दमट पुठ्ठ्याचा वास असेल तर मात्र दोष बुचातला असतो आणि तो कितीही वेळ थांबले तरी जात नाही. नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणाचा झोंबणारा वास आला तर वाइन व्हिनेगरच्या वाटेला लागली आहे असे समजावे. या दोन्ही प्रसंगी बूच आणि उरलेली वाइन घेऊन दुकानात परत जाण्यात संकोच बाळगू नये.

पहिला घोट तोंडात क्षणभर खेळवावा. जिभेच्या कडांना पाणी सुटते तो आंबटपणा, हिरड्यांवर हलकी ओढ जाणवते तो सालीतला तुरटपणा. चांगल्या चेरासुओलोत आंबटपणा पुढे आणि तुरटपणा मागे असतो. तुरटपणा कोवळ्या सुपारीसारखा तोंड ओढून धरत असेल तर वाइन अजून मुरायची आहे, किंवा जास्त थंड झाली आहे.

व्हनिला किंवा भाजलेल्या लाकडाचा वास या वाइनमध्ये मला रुचत नाही, कारण तो लहान नव्या ओक पिंपांतून येतो आणि फ्रापातोची फुले झाकून टाकतो. व्हित्तोरियातल्या सीओएस या कंपनीने वेगळा रस्ता धरला. तीन मित्रांनी १९८० मध्ये ती सुरू केली आणि त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव ठेवले. त्यांची 'पिथोस' ही वाइन याच दोन द्राक्षांची असून ती जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत आंबवली जाते. मातीच्या भांड्यातून हवा हळूहळू आत झिरपते, पण लाकडासारखा स्वतःचा वास ते भांडे देत नाही.

जेवणात

सिसिलीच्या स्वयंपाकात वांगे, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल यांना मोठा मान आहे. वांगे मूळचे भारताकडचे; अरबांनी ते भूमध्य समुद्राकडे नेले आणि सिसिलीने त्याची कापोनाता केली: तळलेली वांगी, टोमॅटो, केपर नावाच्या खारवलेल्या कळ्या, व्हिनेगर आणि साखर यांची आंबटगोड भाजी. तिच्याबरोबर चेरासुओलो हमखास जमते. हेच सूत्र धरून आपल्याकडे दाण्याच्या कुटातली भरली वांगी करावीत, मात्र तिखट निम्म्यावर आणावे, कारण अल्कोहोल तिखटाची जळजळ वाढवते आणि मग दोन्हींची चव जाते. चिंच-गुळाचा बेत असेल तर गूळ जपून घालावा. पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन आंबट आणि पोकळ लागते. मासे आणि रेड वाइन जमत नाहीत हा समज इथे बाजूला ठेवता येतो, कारण व्हित्तोरियाकडे ट्यूनासोबत हीच वाइन गारसर करून पितात; तव्यावर कमी मसाल्यात परतलेल्या सुरमईबरोबर मी ती आवडीने घेतो. नारळाच्या दाट रश्शाबरोबर मात्र ती मला कधीच रुचलेली नाही.

बाटली संपली नाही तर बूच घट्ट लावून ती फ्रिजमध्ये उभी ठेवावी; उभी ठेवल्याने वाइनचा कमी पृष्ठभाग हवेला लागतो. घरात झाकणाची लहान बाटली असेल तर उरलेली वाइन तिच्यात काठोकाठ भरावी, म्हणजे ती आणखी बरी टिकते. कमी सल्फाइटची वाइन दुसऱ्या दिवशी चांगली लागते, तिसऱ्या दिवशी तिची फळे मावळतात. चौथ्या दिवशी ती टोमॅटोच्या रश्शात आटवावी: कांदा परतून झाला की अर्धा पेला वाइन घालावी, आंबूस वाफ निघून जाईपर्यंत आच मोठी ठेवावी आणि मगच टोमॅटो टाकावेत.